आपल्या धर्मप्रांतासाठी

फादर व्हायला सेमिनरीत गेल्यापासून गल्ली त्याला ‘अर्धे फादर’ म्हणत असे. आता उपयाजकाची, म्हणजे फादर होण्याआधीच्या पायरीची, दीक्षा बिशपांच्या हातून व्हायची होती. ही दीक्षा ज्या धर्मप्रांतासाठी, म्हणजे ज्या बिशपांच्या हद्दीसाठी होते, माणूस जन्मभर त्या धर्मप्रांताचा. लग्नासारखंच, फक्त माहेरपण नाही. नेमका तेव्हाच त्यांच्या बिशपांचा गुडघा बदलायचा ठरला.

मामा स्वतः फादर आणि बिशपांचे सचिव. वडील गेल्यावर भाच्याला त्यांनीच वाढवलं, सेमिनरीत धाडलं आणि शब्दही दिला: पुढेमागे गावच्याच चर्चमध्ये नेमणूक, आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आई एकटी, त्यात दमा. या शब्दाच्या जोरावर अर्ध्या फादरनी सेमिनरीतलं सगळं ग्रीक गिळलं होतं.

“अडलंय कुठे? शेजारच्या धर्मप्रांताच्या बिशपांकडून दीक्षा घे,” मामा म्हणाले. “दुसरीकडे दीक्षा घ्यायची तर आपल्या बिशपांचं परवानगीपत्र लागतं, एवढंच. बस टाइप करायला. माझं आणि या कॉम्प्युटरचं जमत नाही.”

भाचा बसला. मामा खिडकीशी उभं राहून सांगू लागले, “सदर उमेदवार सुशील व अभ्यासू असून... अभ्यासू राहू दे, कोण बघायला जातंय... त्यास आपल्या धर्मप्रांताच्या सेवेसाठी दीक्षा द्यावी, ही विनंती.”

“‘आमच्या’ नको?”

“‘आमच्या’त तोरा दिसतो रे. ‘आपल्या’त कसा गोडवा आहे!”

गोडवा टाइप झाला. बिशपांनी पाय उशीवर ठेवूनच सही केली.

दीक्षेच्या आदल्या दिवशी शेजारच्या धर्मप्रांताच्या मुख्य चर्चमध्ये, कॅथेड्रलमध्ये तालीम होती. तिथल्या बिशपांना सर्दी झाली होती. नाकाला रुमाल लावून ते विधीच्या पुस्तकातून वाचू लागले, “मला आणि माझ्या वारसांना आज्ञाधारक राहण्याचं वचन देतोस का?”

“बिशपसाहेब, खालची ओळ,” तो अदबीने म्हणाला. “बाहेरचा उमेदवार असला की ‘तुझ्या बिशपांना’ असं वाचतात.”

“बाहेरचा कोण? पत्र मला आलंय, त्यात ‘आपल्या धर्मप्रांताच्या सेवेसाठी’. म्हणजे माझ्याच की! डोंगरातली जागा कधीची रिकामी आहे. तुमच्या सचिवांना मीच म्हणालो होतो, एखादा द्या हो.”

अर्ध्या फादरना आधी व्याकरण कळलं, मग बाकीचं.

दुपारी मामा आईला घेऊन हजर झाले. झगे ठेवायच्या खोलीत त्याने दोघांना गाठलं.

“मामा, तुम्ही मला चक्क मामा बनवलंत.”

“जिभेला हाड आहे का? देवाच्या घरी तुझं-माझं असतं होय? आपल्या म्हणजे आपल्या!”

“मग गावच्या चर्चमध्ये कोण?”

मामांनी टेबलावरच्या मेणबत्त्या सरळ केल्या. त्या सरळच होत्या. “शेवटची नेमणूक कुठे हवी, असं बिशपांनी विचारलं. गावात जागा एकच. आता या वयात मी डोंगर चढू? ताईच्या हातचे दोन घास मिळतील, एवढीच इच्छा.”

ताई पर्समध्ये दम्याचा पंप शोधू लागली. पर्स काही फार मोठी नव्हती.

“आई, तुला माहीत होतं?”

“तो थकलाय रे. तुझं काय, तरुण आहेस. आणि शेवटी घरचंच माणूस जवळ राहतंय ना?”

“आणि मी?”

“असं काय बोलतोस? तू तर देवाचा!”

सर्दीवाल्या बिशपांच्या कानावर आरडाओरडा गेलाच होता. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. म्हणाले, “पत्र बदलून आण, मी खालची ओळ वाचतो. हवं तर थांबू.” पण नवं पत्र आणायचं, तर ते सचिवांकडूनच आणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कॅथेड्रल भरलं. मामा नवा झगा घालून पहिल्या रांगेत, शेजारी आई. अर्धे फादर बिशपांसमोर गुडघ्यावर बसले, जोडलेले हात त्यांच्या हातांत दिले. बिशपांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग चष्म्यावरून त्याच्याकडे. या सगळ्या प्रकरणात त्याला कोणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

“कोणती ओळ वाचू?” ते पुटपुटले.

“वरचीच,” तो म्हणाला.

समोर माइक होता. लोकांना वाटलं, हाही विधीचाच भाग असणार. सगळे एका सुरात ‘आमेन’ म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज मामांचा.