महूची सुलोचना आणि भाईजींची दिव्यदृष्टी

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आमच्या उपासनामंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी मागच्या बाकांवर धूळ आणि कबुतरे यांचीच हजेरी असते. त्या दिवशी तिथे शहरातल्या अन्नपूर्णा रोडपासून बाहेरच्या महूपर्यंतची माणसे खांद्याला खांदा लावून उभी होती. खिडक्यांत मुले बसवली होती. फाटकाबाहेर एकाने पोह्यांचा ठेलाही लावला होता. वेदीपुढे पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ डोळे मिटून, दोन बोटे कपाळाला टेकवून उभे होते. त्यांना सगळे शामभाईजी म्हणत.

“रुको, रुको! प्रभु मुझे कुछ दिखा रहे हैं,” भाईजी म्हणाले. “एक बहन है. उँगलियों में संगीत है. आँख में... आँख में दबाव है! घर में एक कुर्सी खाली है. बेटा सात समुंदर पार है, फोन नहीं करता. बहन, तुम यहीं बैठी हो! ज़ोर से बोलो, हालेलुया!”

मंदिर दणाणले. ऑर्गनपुढच्या स्टुलावरून माझी बालमैत्रीण प्रमोदिनी उजगरे उठली. तिला काचबिंदू होता. तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. मुलगा कॅनडात होता, आणि फोनच्या बाबतीत खरोखरच कंजूष होता. भाईजींनी तिच्या डोळ्यांवर तळहात ठेवला, काही पुटपुटले आणि घोषणा केली, “बंधन टूट गया!”

मी, लीला चक्रनारायण, आयुष्यभर मिशनच्या इस्पितळात मेट्रन होते. आश्चर्य मलाही वाटले, हे मी नाकारत नाही. परंतु आश्चर्य वाटले म्हणजे विचार थांबवावा, अशी शिकवण मला घरातही मिळाली नाही आणि वॉर्डातही नाही.

आमची मंडळी लहान. नगरकडून या हिंदी मुलखात गिरणीत आणि रेल्वेत नोकरीला आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची ही तिसरी-चौथी पिढी. पाळक उन्मेष तरुण आहेत, मनाने चांगले आहेत, आणि रिकाम्या बाकांना फार भितात. उपासना संपल्यावर ते हात चोळत माझ्याकडे आले.

“मेट्रनबाई, पाहिलंत? किती वर्षांनी मंदिर भरलं!”

“राजवाड्यापुढचा बाजार रोजच भरतो, पाळकसाहेब. तिथे कोणी हालेलुया म्हणत नाही.”

ते हसले. हसून विषय टाळण्याची कला त्यांनी फार लवकर आत्मसात केली आहे.

नाताळ झाला, नवे वर्ष आले, भाईजी दर महिन्याला येत राहिले. प्रत्येक वेळी ते कोणाच्या तरी मूत्रपिंडातला खडा पाहत, कोणाचा तरी रखडलेला विवाह पाहत, आणि पाहिलेले अचूक निघे. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला त्या आठवड्यात मी प्रमोदिनीकडे गेले. पलंगाशेजारच्या तिपाईवर तिची डोळ्यांच्या थेंबांची बाटली दिसली नाही.

“थेंब कुठे आहेत?”

“बंद केले.” तिने मान वळवली. “रागावू नकोस, लीले. भाईजींनी हात ठेवला तेव्हा डोळ्यांतून गरम वाफ गेल्यासारखं झालं. आता थेंब घालायचे म्हणजे देवावर अविश्वास. ते म्हणाले, आधा भरोसा प्रभु को नहीं चलता.”

“आणि दिसतं कसं?”

“स्वच्छ! पूर्वीसारखंच.”

इथेच या रोगाचा कावा आहे. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते. समोरचे मात्र शेवटपर्यंत दिसत राहते, त्यामुळे रोगी स्वतःला बरा समजतो. आणि गेलेली नजर परत येत नाही. हे सारे मी तिला शांतपणे सांगितले, मग मोठ्याने सांगितले.

“डॉक्टरांकडे तरी चल.”

“नाही.”

“प्रमोदिनी, तू आंधळी होशील!”

“मग मला एवढंच सांग,” ती म्हणाली, “त्यांना कसं कळलं? मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. मुलाचं दुःख मी शेजारणीलाही सांगत नाही. कसं कळलं ते तू दाखव, मी त्याच क्षणी थेंब घालीन. नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

तिचा हट्ट मला शाळेपासून ठाऊक होता. त्या दिवसापासून माझ्यापुढे एकच काम उरले.

ईस्टरच्या सकाळी ऑर्गनच्या चौथऱ्यावरून उतरताना प्रमोदिनीचा उजवा खांदा लिलींच्या उंच स्टँडवर आदळला. फुले, पाणी, पितळी भांडे, सगळे फरशीवर.

“हे इथे कोणी ठेवलं?” ती चिडून म्हणाली.

ते दर ईस्टरला तिथेच असते.  

मी पाळकांना सांगितले. ते म्हणाले, श्रद्धेचा प्रश्न नाजूक असतो. मी तिच्या मुलाला फोन केला, तो म्हणाला, “मावशी, तुम्हीच समजवा ना प्लीज, मी मीटिंगमध्ये आहे.” तिची मोलकरीण फितूर असावी, असा संशय मी कित्येक आठवडे बाळगला आणि त्या गरीब बाईला विनाकारण फैलावर घेतले. उन्हाळा सरला. ईस्टरनंतरचा पन्नासाव्या दिवसाचा सण झाला. प्रमोदिनी रस्ता ओलांडताना माझा दंड धरू लागली आणि ‘गुडघे दुखतात’ असे सांगू लागली. कोणावर ओरडावे हेही मला उमगत नव्हते.

उलगडा झाला तो अनपेक्षित ठिकाणी. आमच्या गायकवृंदात खर्जात गाणारे रघुवीर साळवे आहेत. रेल्वेतून निवृत्त, खिशात बटणांचा जुना फोन. पावसाळ्यात त्यांनी भाईजींना जेवायला बोलावले होते. पुढच्या सरावाला ते माझ्याजवळ येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मेट्रन, तुमचा तो भिया, तो भाईजी, भारी आहे हं. माझी पोरगी सासर सोडून आलीय, आतल्या खोलीत रडत बसली होती. सगळ्या गल्लीला माहीत आहे. आणि हा ताटावरून हात वर करून म्हणतो काय, इस घर में शांति ही शांति है! मटण तेवढं दोनदा वाढून घेतलं.”

मी गीतांची वही मिटली.

“रघुवीर, मुलीचा विषय तुम्ही प्रार्थनेला दिला होता का?”

“कुठे देणार? तुमचा ग्रुप माझ्या या डबड्यात चालतच नाही.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमच्यात एक जुनी प्रथा आहे, प्रार्थना-साखळी. कोणी आजारी पडले, कोणाच्या घरी संकट आले, की एक बाई दुसरीला फोन करी, दुसरी तिसरीला, आणि घरोघरी त्या नावासाठी गुडघे टेकले जात. आता ती साखळी मोबाइलवरच्या ग्रुपवर आली आहे. बाहेरच्या कानावर जाऊ नये ते सारे आमच्या बायका तिथे सविस्तर लिहितात: कोणता अवयव, कोणती बाजू, सून काय म्हणाली, मुलगा कधीपासून फोन करत नाही. आणि लिहून झाल्यावर आपण हे कोणाला सांगितले असे त्यांना वाटतच नाही, कारण त्यांच्या लेखी ते सांगणे नसते, ती प्रार्थना असते. प्रमोदिनी माझ्याशी खोटे बोलली नव्हती. तिने शेजारणीला खरोखर सांगितले नव्हते. मी फोन उघडून जुने निरोप चाळले: तिने शंभर लोकांच्या ग्रुपवर देवाला सांगितले होते.

आता पारख करायची होती. कोणी म्हणेल, एखादा खोटा आजार लिहायचा आणि मोकळे व्हायचे. मी ते करणार नव्हते. प्रार्थनेत खोटे बोलणे मला जमणारे नाही. तसे करून भाईजींना पकडले असते, तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता? म्हणून मी थांबले. सुगीच्या उपकारस्तुतीच्या सणाआधी, आठवड्याच्या मध्यावर, महूहून माझ्या भावाच्या मुलाचा, शंतनूचा फोन आला. मी ग्रुपवर लिहिले: ‘महूच्या सुलोचनेसाठी प्रार्थना करावी. वय झाले आहे. उजवा गुडघा सुजला आहे. दोन दिवस अन्न घेतलेले नाही.’ त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि मी स्वतः तिच्यासाठी मनापासून प्रार्थना केली.

जोडलेल्या हातांची चित्रे रांगेने आली. सुलोचना कोण, असे एकानेही विचारले नाही.

रविवारी मंदिरात ऊस उभे केले होते, वेदीपाशी भोपळे, सोयाबीनच्या पेंढ्या आणि लसणाच्या माळा होत्या. गर्दी ओसंडत होती. भाईजींनी दोन बोटे कपाळाला लावली.

“महू... महू की तरफ़ से एक कराह आ रही है! सु... सुलो... सुलोचना! दाहिना घुटना! दो दिन से रोटी नहीं खाई. क्यों नहीं खाई? बहू ताने मारती है, इसलिए नहीं खाई! सफ़ेद साड़ी में है, बेचारी विधवा है. प्रभु ने छू लिया! वो उठी! वो रसोई में गई! इसी घड़ी अपने हाथ से चाय बना रही है! उसका कोई यहाँ है?”

“आहे,” मी उठले.

“आइए अम्माजी! सबको बताइए, सुलोचना आपकी कौन है?”

मागच्या बाकांपर्यंत सर्वांना कळावे म्हणून मी मुद्दाम हिंदीत बोलले. “घोड़ी है.”

“जी?”

“घोड़ी. मेरे भतीजे शंतनु के तबेले में बँधी है. चार पाँव हैं, एक पूँछ है. चाय नहीं बनाती. बहू भी नहीं है.”

 गायकवृंदातून रघुवीरांचे खर्जातले हसू फुटले, आणि ते बाकांवरून मागे मागे पसरत दारापर्यंत गेले.

भाईजी मुरलेले होते. “हँसो मत! प्रभु पशुओं पर भी दया करते हैं!”

“करतात, त्याविषयी माझी तक्रार नाही,” मी आता आमच्या मंडळीसाठी मराठीत म्हणाले. “पण तिला सफेद साडी कोणी नेसवली? गुडघा दिसला आणि शेपूट दिसली नाही, ही कसली दृष्टी? जेवढं मी ग्रुपवर लिहिलं तेवढंच तुम्हाला दिसलं. पुढचं तुम्ही रचलंत.” मी लोकांकडे वळले. “आठवून पाहा. यांनी आजवर जे जे पाहिलं, ते तुम्ही आधी प्रार्थनेला दिलं होतं की नाही? ज्याच्याकडे तो ग्रुप नाही, त्याच्या ताटावर बसूनही यांना काही दिसत नाही.”

“त्या ताटाचा साक्षीदार मी,” रघुवीर म्हणाले.

आता पाळक उन्मेष उठले.  ध्वनियंत्रणेपाशी नीरज नावाचा तरुण बसला होता. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तो आमच्यात आला, गोड गायला, बिघडलेला माइक दुरुस्त केला, आणि आम्ही त्याला ग्रुपमध्ये घेतले. भाईजींना बोलावण्याची सूचना त्याचीच होती.

“नीरज,” पाळकांनी विचारले, “तू पाठवत होतास?”

“सर, मैं तो बस आगे भेज देता था,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “भाईजी बोले थे, प्रार्थना के लिए चाहिए.”

भाईजींनी त्याच्याकडे जो कटाक्ष टाकला, तो मात्र खरोखर दिव्य होता. ते बाजूच्या दाराने निघून गेले. निम्मी गर्दी त्यांच्यामागे धावली. त्यातल्या काही बाया जाताना मलाच ‘देव तुम्हाला क्षमा करो’ असे म्हणाल्या.

प्रमोदिनी ऑर्गनपुढे बसून होती. मी जवळ गेले.

“मला वाटलं, देवाने माझं ऐकलं,” ती म्हणाली.

“ऐकलंच असेल. पण त्याच्या आधी नीरजने ऐकलं.”

 तिने माझा हात चाचपला. “बाटली टाकून दिली मी, लीले. नवी आणायला लागेल.”

नवी बाटली त्याच दुपारी आणली. दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णा रोडवरच्या नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तपासणी केली, पुन्हा केली, आणि मग खुर्ची पुढे ओढून सांगितले की उजव्या डोळ्याची नजर आता येणार नाही. डावा वाचेल, थेंब एकही दिवस न चुकवता घातले तर. हे थेंब वर्षभर पडले असते तर उजवाही वाचला असता का, असे प्रमोदिनीने विचारले. डॉक्टर थेंबांची चिठ्ठी लिहू लागले. उत्तर मी दिले, कारण तिला खोटा दिलासा देणारे पुष्कळ झाले होते. “हो,” मी म्हणाले.

युक्ती उघडी पडली म्हणून लोक माझे अभिनंदन करतात, तेव्हा मला संताप येतो. घोडीला ज्याने चहा करायला लावले, त्याला एका हशात घालवता आले. डोळा हशाने परत आणता येत नाही. आणि शहाणपण तरी आले का? पुन्हा आगमनकाळ आला आहे, आणि कालच एका बाईने मला बाजूला घेऊन सांगितले, “मेट्रनबाई, ते भाईजी खोटे निघाले, पण देवास गावचे एक ब्रदर आहेत, ते अगदी खरे आहेत हं!”

म्हणून स्पष्ट सांगते. तुमचे गुपित कोणी सांगितले तर पाया पडण्याआधी एवढे आठवा, की ते आपण कोणाकोणाला सांगितले होते. जो नाव आणि गुडघा सांगतो, त्याला न सांगितलेले काही विचारा. औषध बंद करायला सांगणारा देवाचा माणूस असो की आणखी कोणाचा, त्याला दाराबाहेर उभा करा आणि आधी डॉक्टरांना विचारा. डोळे मिटून प्रार्थना करण्याची आपली रीत आहे; ती चांगली आहे, मीही तशीच करते. परंतु ‘आमेन’ म्हटल्यानंतर ते उघडावेत.