मामांचा उन्हाळा

"मामा, हा वास तुमचा?" लिफ्टमध्ये पाऊल टाकताच मॅनेजरसाहेबांनी नाक असं आक्रसलं, जणू आत उंदीर मेलाय.

"हो साहेब. भाची अत्तराच्या दुकानात आहे, तिनं दिलं," लिफ्टवाले मामा कौतुकानं म्हणाले. "अननस, ओला नारळ आणि चाफा. समुद्राकाठचा उन्हाळा आहे म्हणे बाटलीत."

"उद्यापासून नको. लोकांची डोकी दुखतात."

"कोणाची?"

"लोकांची!" असं म्हणून साहेब पाचव्या मजल्यावर उतरले. साहेबांचे लोक नेहमी असे बिननावाचेच असतात.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उभी हयात त्या पेटीत काढली होती त्यांनी. ओल्या छत्र्या, सिगारेटी, लसणाचे ढेकर, मुलाखतीला आलेल्यांचा भेदरलेला घाम, सगळं निमूटपणे नाकात घेतलं. दार बंद झालं की श्वास रोखायचा आणि मजला आला की उघड्या दारातून घ्यायचा, ही त्यांची कामाची पद्धत. मध्ये न थांबता थेट आठव्या मजल्यावर जाणारा भेटला की मामांचे डोळे पांढरे व्हायचे. तेव्हा कोणी विचारलं नाही, मामा, तुमचं डोकं दुखतं का?

आणि भाचीची बाटली आली. पहिल्या दिवशी कॉलरला दोनदा फुसफुस केलं, लिफ्टचं दार बंद झालं आणि मामा श्वास रोखायलाच विसरले. तिसऱ्या मजल्यापाशी लक्षात आलं, आपण गुणगुणतोय. सदा आंबट चेहऱ्याच्या टायपिस्टबाईंना ते म्हणाले, "बोला ताई, सातवा मजला की थेट गच्ची?" बाई चक्क हसल्या. घरी जेवताना "भाजी झकास झालीय" म्हणाले, तर बायकोनं आधी कपाळाला हात लावून ताप पाहिला.

आज मात्र ताट तसंच होतं.

"जाऊ द्या हो," बायको म्हणाली. "लिफ्ट त्यांची, मर्जी त्यांची."

"लिफ्ट त्यांची, कबूल. कॉलर तर माझी आहे? की मलाही लिफ्टबरोबरच विकत घेतलंय?"

बायको उठली. तिनं आमटी गरम करून आणली.

पोटासाठी मामांनी बाटली कपाटात ठेवली. लिफ्ट पुन्हा लिफ्टसारखी झाली, मामा पुन्हा मामांसारखे.

काही दिवसांनी लिफ्टच्या भिंतीवर, छताजवळ, एक पांढरी डबी बसली. अधूनमधून ती स्वतःहून फुस्स करायची. अननस, ओला नारळ आणि चाफा.

"पाहुणे विचारत होते, तो छान वास कुठे गेला?" साहेब खुशीत सांगत होते. "म्हटलं, मशीनच बसवू. कल्पना माझीच."

"आणि लोकांची डोकी?"

"मशीनचं प्रमाणात असतं, मामा."

तोच वास, पण मामांना गुणगुणावंसं वाटेना. दुसऱ्याच्या घरी आपला सदरा दोरीवर वाळत दिसावा, तसं काहीतरी होत होतं. पाहुणे म्हणायचे, "वा, काय प्रसन्न वाटतं!" आणि साहेब मान लववून ते कौतुक खिशात घालायचे.

एक दिवस डबी रिकामी झाली. साहेब अत्तराची नवी नळी घेऊन आले. मागे दोन पाहुणे उभे होते.

"मामा, स्टूल घ्या. ही नळी बदला."

"मी नाही बदलणार, साहेब."

"म्हणजे?"

"माझा होता तेव्हा बंद करायला लावलात. आता तुमचा आहे. तुम्ही बदला." आवाज चढला नव्हता. मामांनी हात मागे बांधले.

पाहुणे छताकडे बघू लागले. साहेबांचे कान लाल झाले. चार शब्द ओठांवर आले असतील, पण पाहुण्यांसमोर गिळावे लागले. "अहो, त्यात काय एवढं," असं खोटं हसत त्यांनी बूट काढले आणि ते स्टुलावर चढले. नळी बसेना. स्टूल डुगडुगायला लागलं.

मामा पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी ते धरलं. डोळ्यांसमोर साहेबांचा पाय होता. मोज्याला भोक पडून अंगठा बाहेर आला होता. मामांनी मान दुसरीकडे वळवली, पाहुण्यांना पाय दिसू नये असे जरा आडवे उभे राहिले आणि स्टूल आणखी घट्ट धरलं.