डावा खांदा

लेवी ओस्टरचा डावा खांदा निखळतो, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक लेवी आणि दुसरा टकर कुचेरा. लेवीच्या आईलाही पत्ता नव्हता. कोच डाल्केंना कळलं असतं तर त्यांनी लेवीला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

नेब्रास्कातल्या त्या लहानशा कॉलेजात दोघं एकाच वजनाचे, म्हणून पहिल्याच दिवशी कोचनी त्यांची जोडी लावून दिली. तीन वर्षं रोज दोन तास त्यांनी एकमेकांना गादीवर आपटलं. कुस्तीतला जोडीदार म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. समोरच्याचा दम कधी तुटतो, तो कुठला हात खोटा दाखवतो, सकाळी पोटभर खाऊन आलाय की वजनाच्या धास्तीनं उपाशी आहे, सगळं अंगाला कळत असतं. महिन्यातून एखाद्या वेळी लेवीचा खांदा जागा सोडायचा. मग पाणी पिऊन येतो म्हणत दोघं कपडे धुण्याच्या खोलीत सटकायचे. लेवी बाकावर पालथा पडून हात खाली लोंबता सोडायचा आणि टकर मनगट धरून सावकाश ओढायचा.

"बसव लवकर, गाढवा, जीव चाललाय," लेवी दातओठ खात म्हणायचा. खांदा खट्‌कन बसायचा आणि दोघं काहीतरी विनोद झाल्यासारखे हसत बाहेर यायचे.

तिसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये टकरला एका मोठ्या विद्यापीठाकडून विचारणा झाली. संघ सोडून जाणं हल्ली कोणाला नवीन नाही. ट्रान्स्फरच्या यादीत नाव टाकायचं, ज्या कॉलेजला हवं ते उचलतं. नियमात बसतं, सगळेच करतात. टकरनंही स्वतःला हेच सांगितलं, आणि दिवसातून दहा वेळा सांगितलं, म्हणजे ते त्याला काही पटत नव्हतं. पण नाव टाकण्याआधी जोडीदाराला समोर बसवून सांगायचं असतं, एवढी रीत त्या संघात प्रत्येकजण पाळायचा. टकर 'उद्या सांगू' म्हणत आठवडाभर टाळत राहिला. शेवटी एका सकाळी यादी निघाली आणि खानावळीत नाश्ता करणाऱ्या सगळ्यांच्या फोनवर त्याचं नाव आलं.

लेवी वॉफलची ताटली घेऊन त्याच्या टेबलाशी आला. बसला नाही.

"आज गादी पुसायची पाळी तुझी होती," तो म्हणाला.

"लेवी, मी सांगणारच होतो तुला."

"राहू दे. फोननं सांगितलं." ताटली घेऊन तो दुसऱ्या टेबलावर गेला. त्यानंतर दोघांचं बोलणं झालं नाही.

डिसेंबरमधल्या खुल्या स्पर्धेत लहानमोठी सगळी कॉलेजं एकाच हॉलमध्ये उतरतात. सोडत निघाली तेव्हा उपान्त्य फेरीत टकरसमोर लेवीचं नाव येणार हे स्पष्ट दिसत होतं. नवे कोच मर्सर यांनी टकरला बाजूला घेतलं.

"तीन वर्षं त्याच्याशी खेळलायस. दुखरी जागा कुठली त्याची?"

"कुठलीच नाही, कोच. डावी बाजू तर भक्कम, तिकडे जाऊच नये."

"खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, कुचेरा," मर्सर हसून म्हणाले आणि त्यांनी विषय सोडला.

टकरला त्या दिवशी फार बरं वाटलं. गाव सोडलं, संघ सोडला, मित्राला तोंड दाखवायची सोय ठेवली नाही. पण ही एक गोष्ट त्यानं विकली नव्हती. आपण अगदीच हलकट नाही याचा त्याच्याकडे तेवढाच पुरावा होता, आणि त्याला तो जिवापाड जपत होता.

कुस्ती सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटाला टकरच्या लक्षात आलं की लेवीचा पवित्रा बदललाय. तीन वर्षं ज्यानं डावा हात अंगाआड लपवला, तो आज डावा हात पुढे काढून उभा होता. टकर पकडीला गेला की लेवी डावा खांदा त्याच्यासमोर आणायचा आणि टकरचा हात आपोआप मागे यायचा. लेवीला खात्री होती, टकर त्या हाताला बोट लावणार नाही. या खात्रीवर तो कुस्ती खेळत होता, आणि जिंकत होता. शेवटची वीस सेकंदं उरली तेव्हा तो एका गुणानं पुढे होता.

"डावा!" कोपऱ्यातून मर्सर ओरडत होते. "डावा हात उघडा आहे! आंधळा झालास का?"

टकरनं डावा हात धरला आणि ओढला.

खांदा निखळल्याचा तो आवाज हॉलमध्ये कोणालाच ऐकू गेला नसेल. लेवी तोंडावर पडला, टकर त्याच्या पाठीवर. लेवी ओरडला नाही. त्याचं तोंड टकरच्या कानाला लागून होतं.

"बसव," तो पुटपुटला. "कोणी यायच्या आत बसव."

मनगट अजून टकरच्याच हातात होतं. एकदा सावकाश ओढायचं, एवढंच काम. इतक्यात पंच आले आणि म्हणाले, "सोड त्याला. मधल्या गोलात जाऊन उभा राहा." टकरनं मनगट सोडलं आणि तो मधल्या गोलात जाऊन उभा राहिला. लेवी गादीला गाल टेकून त्याच्याकडे पाहत होता. फिजिओनं त्याचा हात छातीशी बांधला, त्याला उठवून नेलं, आणि लेवी पुढे खेळू शकत नाही म्हणून पंचांनी टकरचा हात वर केला.

त्या दिवसापासून 'बसव' हा शब्द टकरची पाठ सोडेना. अंघोळ करताना पाण्याखाली ऐकू यायचा, वर्गात प्राध्यापकाच्या बोलण्यात मधेच यायचा, दुकानात दुधाचा कॅन उचलताना यायचा. सरावात कोणाचा डावा हात पकडीत आला की टकरची बोटं आपणहून उघडायची. जानेवारीत तो सलग पाच कुस्त्या हरला.

"बोटांना काय झालंय तुझ्या?" मर्सरनी विचारलं.

"काही नाही, कोच."

त्या वीस सेकंदांचं चित्रण त्यानं किती वेळा पाहिलं याला गणती नाही. हात जाताना दिसायचा. तो आपला आपण गेला, की आपण पाठवला, ते काही केल्या दिसायचं नाही. लेवीनं एकदा समोर बसवून विचारावं, म्हणजे काहीतरी एक उत्तर द्यावंच लागेल, असं त्याला वाटू लागलं. मार्चमधल्या एका रविवारी चार तास गाडी हाकत तो ओस्टरांच्या घरी गेला.

दार लेवीच्या आईनं उघडलं.

"टकर! अरे, किती वाळलास! ये, चिलीचा रस्सा तयार आहे, दालचिनीचे रोल ओव्हनमध्ये आहेत." आणि त्याचे दोन्ही हात धरून ती म्हणाली, "तू होतास ना त्याच्याजवळ तेव्हा, हेच बरं झालं. कोणी परका असता तर माझा जीव थाऱ्यावर राहिला नसता."

"कसे आहात तुम्ही सगळे, मिसेस ओस्टर?" एवढंच त्याला विचारता आलं.

लेवी मागच्या शेडमध्ये उलट्या बादलीवर बसला होता. ऑपरेशन होऊन हात गळ्यात बांधलेला. त्याची कुस्ती संपली होती, हे टकरला आधीच कळलं होतं.

"मी मर्सरना सांगितलं नव्हतं," टकर उभ्याउभ्याच म्हणाला.

"माहितीये. सांगितलं असतंस तर पहिल्या मिनिटालाच धरला असतास." लेवी हसला. "नीचपणा माझाच. तुझ्या चांगुलपणावर कुस्ती मारायला निघालो होतो."

"मग विचार ना."

"काय?"

"मुद्दाम ओढला का, ते."

"कशाला? एका गुणानं मागे असतो तर मी दात लावले असते." लेवीनं पायानं दुसरी बादली त्याच्याकडे सरकवली. "बस. आणि हे छातीवर दगड ठेवून फिरणं बंद कर. मी डॉक्टरना विचारलंय. त्या कुस्तीत हाडाला काहीच झालं नाही. खांद्याच्या खोबणीची कड आधीच तुटत आली होती, उन्हाळ्यापासून."

"उन्हाळ्यापासून?"

"तू गेल्यावर निखळतच राहिला ना साला. नव्या जोडीदाराला सांगायची सोय नाही, तो डाल्केंचा भाचा. मग माझं मीच बसवायचो. दाराच्या मुठीला टॉवेलनं मनगट बांधायचं आणि मागे झुकायचं. कधी पहिल्या झटक्याला, कधी चौथ्या." हे सांगताना त्याला हसू येत होतं. "एकदा तर मूठच उपटून हातात आली."

"किती वेळा?"

"कोण मोजतंय? वीसेक असेल. डॉक्टर म्हणाले, कोणीतरी नीट बसवत असता तर शेवटचं वर्ष आरामात निघालं असतं."

टकर बादलीवर बसला आणि एप्रिलपासूनचे महिने मोजू लागला.

"कळलं ना? त्या दिवशीचा तुझा काही दोष नाही," लेवी म्हणाला आणि चांगल्या हातानं त्यानं टकरच्या पाठीवर जोरात थाप मारली. तो अगदी मनापासून हसत होता. आपण टकरला मोकळं केलं, असं त्याला वाटत होतं.