पान एक्केचाळीस-अ

"ताई, सरांनी हे पान दिलंय. फाईलमधलं एक्केचाळीस नंबर काढा आन् हे लावा म्हनले. जुनं माझ्याकडं द्यायचंय, फाडून टाकायला."

शिपाई देवरामने कागद टेबलावर ठेवला. उज्वलाने पहिल्या चार ओळी वाचल्या आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नाशिकमधल्या त्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, डॉ. वाघचौरे बायबलमधला जुना करार शिकवत आणि इंग्रजीत ब्लॉग लिहीत. परदेशातले बायबलचे अभ्यासक तो वाचत. आपला शब्द न् शब्द पुढच्या पिढ्यांना मिळावा म्हणून प्रत्येक लेख छापून, नंबर घालून, तारखेचा शिक्का मारून ग्रंथालयात ठेवायचा, हा हुकूम त्यांचाच. ग्रंथालयाची लेखनिक म्हणून उज्वला अकरा वर्षं ते काम इमानेइतबारे करत होती.

फाईलमधल्या एक्केचाळिसाव्या पानावर बारा मार्चचा शिक्का होता. लेख होता ग्रंथालयातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी स्तोत्रसंहितेच्या, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या, प्रतीवर. तिच्या समासांत कुणीतरी शाईने मूळ हिब्रू शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ लिहिले होते. चुकलेल्या अर्थावर एकच बारीक आडवी रेघ, शेजारी सुधारलेला अर्थ. चर्चच्या मंडळीतली म्हातारी माणसं म्हणत, या नोंदी एका बायबलबाईच्या. म्हणजे मिशनच्या पगारावर घरोघर जाऊन बायांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बाईच्या. डॉक्टरांनी त्या एका गोऱ्या पाद्रीसाहेबाच्या ठरवल्या होत्या आणि वर लिहिलं होतं, 'त्या काळी इथल्या एखाद्या बाईला हिब्रू येत असेल, ही कल्पनाच हास्यास्पद आहे.'

ते वाक्य उज्वलाला खटकलं. तिने तीन रविवार देवळाली कॅम्पहून बसने येऊन मागच्या कपाटातले मिशनचे कागद उपसले. त्यात लंकाबाई नावाच्या बायबलबाईचे महिन्या-महिन्याचे अहवाल निघाले. अक्षर तेच. चुकीवरची बारीक रेघही तीच. उज्वलाचा स्वतःचा एक लहानसा मराठी ब्लॉग होता, वाचणारे जेमतेम तीस-चाळीस. तिथे तिने फोटोंसकट सगळं लिहिलं आणि डॉक्टरांच्या लेखाखाली अदबीने कळवलं, 'सलाम सर, हे एकदा पाहावं.'

चार दिवसांनी तिचा तो निरोप गायब झाला. आणि आता ब्लॉगवरच्या बदललेल्या लेखाचं हे नवं पान सांगत होतं, 'या नोंदी लंकाबाई नावाच्या बायबलबाईच्या असाव्यात, असं मला पहिल्यापासून वाटत आलं आहे.' शिक्का नव्हता, तारीख मात्र बारा मार्चचीच.

एवढ्यावर भागलं नव्हतं. हे ब्लॉगवाले अभ्यासक दर महिन्याला आळीपाळीने त्या महिन्यातल्या चांगल्या लेखांची यादी लावतात. या वेळच्या यादीत दुसऱ्याच ओळीत डॉक्टर होते, लंकाबाईला उजेडात आणणारे म्हणून. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा! उज्वलाच्या ब्लॉगवर मात्र त्यांच्या विद्यार्थ्यांनी झोड उठवली होती. 'ताई, सरांचा लेख आधी नीट वाचा. जे त्यांनीच लिहिलंय ते त्यांना काय शिकवता? ख्रिस्ती माणसाला खोटं बोलणं शोभतं का?'

खोटं! तिला खोटारडी म्हणत होते! ती तशीच उठून डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"या, उज्वलाबाई. पान लावलंत?"

"नाही सर. पहिल्या वर्षाच्या पोरांना तुम्हीच सांगता ना, ब्लॉगवर चूक झाली तर पुसायची नाही? रेघ मारायची, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहायची. दरवर्षी ऐकते मी."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बसा. आवाज कशाला चढवता? शेवटी लंकाबाईचं नाव जगापुढे आलंच ना? कुणामुळे आलं याला काय महत्त्व? आपण काय नावासाठी काम करतो?"

"मग यादीत तुमचं नाव कसं?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग समोरच्या पडद्यावर त्यांनी तिचाच ब्लॉग उघडला. "तुम्ही लिहिलंय, लंकाबाई मूळच्या कळवणच्या. अहवालाचं दुसरं पान पाहिलंत? 'मला या गावी येऊन दोन महिने झाले,' असं बाईच लिहिते. नेमणूक कळवणला होती, गाव कुठलं ते कुणालाच माहीत नाही. हे मी ब्लॉगवर लिहिलं तर तुमच्या बाकीच्या शोधावर कोण विश्वास ठेवील? म्हणून सांगतो, तुम्ही तुमचं गुपचूप दुरुस्त करा, माझं झालेलंच आहे. विषय संपला."

उज्वलाचा चेहरा उतरला. चूक खरी होती. घाईत, रागाच्या भरात तिने दुसरं पान चाळलंच नव्हतं. स्वतःचाच तिला असा संताप आला की भिंतीवर डोकं आपटावं.

"करते दुरुस्त," ती म्हणाली. "गुपचूप नाही."

आपल्या टेबलाशी परत येऊन तिने ब्लॉगवरचा आपला लेख उघडला. 'मूळच्या कळवणच्या' या शब्दांवर तिने रेघ मारली, शब्द वाचता येतील अशी. खाली लिहिलं, 'दोन एप्रिल. ही माझी चूक. डॉ. वाघचौरे यांनी दाखवून दिली.' त्यांचं नाव लिहिताना तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते, पण तिने ते लिहिलं.

मग तिने नव्या पानावर दोन एप्रिलचा शिक्का मारला, वर 'एक्केचाळीस-अ' असा नंबर घातला आणि ते जुन्या पानामागे लावलं.

"आन् जुनं?" देवराम घुटमळला. "सर इचारतील ना ताई."

"म्हणावं, ग्रंथालयातलं काही फाडायचं असेल तर लेखी हुकूम द्या. तोही लावते मी फाईलला."

लेखी हुकूम आला नाही. तासाभरात तिच्या ब्लॉगवर मात्र सुरू झालं. 'बघा, शेवटी स्वतःच कबूल केलं!' त्या सगळ्या भांडणात रेघ एकाच चुकीवर पडली होती, आणि ती तिच्या. चूक नेमकी कोणती, हे कुणीही वाचलं नाही. अभ्यासकांची ती यादी तशीच राहिली.

दर जूनला तिचा नोकरीचा करार नवा होत असे. या वर्षी तो होणार नव्हता. कारण कुणी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. शेवटच्या दिवशी, एकतीस मेला, नव्या माणसाचा पत्ता नव्हता, म्हणून सगळं देवरामच्या ताब्यात द्यायचं ठरलं. तिने सामानाची यादी हातात धरली. कपाटं, किल्ल्या, स्तोत्रसंहिता, लंकाबाईंचे अहवाल. शेवटी डॉक्टरांची फाईल.

"मोज," ती म्हणाली.

"आता ही बी मोजायची? उशीर व्हईल, बस जाईल तुमची."

"जाऊ दे. पान न् पान मोज. मग सही कर."

देवराम खाली बसला, बोटाला थुंकी लावली आणि एकेक पान उलटत मोठ्याने नंबर म्हणू लागला. उज्वला प्रत्येक नंबरापुढे खूण करत गेली. चाळिसानंतर तो थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दारातून डॉक्टरांच्या खोलीकडे.

"एक्केचाळीस हाय," तो जरा जास्तच मोठ्याने म्हणाला. "एक्केचाळीस-अ बी हाय."

तिने दोन खुणा केल्या आणि पेन त्याच्या हातात दिलं.