दोन दौतींचे मेज

मी एक जुने बैठे मेज आहे. मित्रांनो, मेज म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर चार उंच पाय येतील. माझे पाय वीतभर आहेत आणि माझ्यापुढे मांडी घालून बसावे लागते. घराच्या छपरासारखे मी दोन्हीकडे उतरते. वर मधोमध आढ्यासारखी पट्टी आहे आणि तिच्यात दौती ठेवायला दोन भोके आहेत. माझ्यावर दोन माणसे समोरासमोर बसून लिहू शकतात.

धारच्या घरातल्या त्या शेवटच्या साध्या दिवशीही दोघे तसेच बसले होते. एका उताराला नाना, म्हणजे गोपाळराव, देवासच्या कचेरीतून निवृत्त झालेले. दुसऱ्या उताराला त्यांची मुलगी दुर्गा, मुलींच्या शाळेतली शिक्षिका. थंडीचे दिवस होते. दुर्गा वह्या तपासत होती आणि नाना हिरवे हरभरे सोलून टरफले माझ्या कडेला रचत होते.

आतून दुर्गाची आई, यमुनाबाई, म्हणाल्या, "अहो, सोलताय की खाताय? भाजीला काही उरेल ना?"

"खाल्लेलेसुद्धा मीच सोललेत," नाना म्हणाले. "काम मोजताना तेही धरा."

"मग भाजीही मोजूनच वाढते."

दुर्गा वहीत बघून हसली. दिवेलागण झाली तेव्हा नानांनी रोजचा प्रश्न विचारला. इतर वडील मुलांना विचारतात, आज काय केलंस? नाना विचारत, "दुर्गे, आज काय राहिलं?"

"काही नाही, नाना."

"बरं," नाना म्हणाले आणि टरफले गोळा करून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंथरुणातून उठलेच नाहीत.

आता माझी हकीकत पहिल्यापासून सांगते, म्हणजे त्या प्रश्नाची मुळे तुम्हाला कळतील.

माझा जन्म देवासचा. उदयनगरच्या बाजूच्या जंगलातला साग आणून गणोजी सुताराने मला घडवले. देवास हे मोठे गमतीचे गाव होते. एकाच गावात दोन राजे, एकाच घराण्याच्या दोन शाखा, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या एका अंगाला एकाचा अंमल, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचा. दोन कचेऱ्या, दोन खजिने, दोन शिक्के. पण देवीच्या टेकडीवर जत्रा भरली की भाविक काही पाती बघून पायऱ्या चढत नसत. म्हणून पायऱ्यांवरचे दिवे आणि वाटेवरच्या पाणपोया यांचे एक सामाईक खाते होते. त्या खात्यासाठी मी. हुकूम ऐकून गणोजीने डोके खाजवले होते. "दो राजे, एक मेज? मग भिया, छप्परच करतो. ज्याचं पाणी त्याच्या अंगणात!"

थोरल्या पातीच्या बाजूला गोपाळराव बसू लागले, धाकटीच्या बाजूला उदाजीराव. दोन्ही पात्या आपापली शाई पाठवत. एक निळी, एक काळी.

उदाजीराव उंच, धिप्पाड आणि बोलके. पाणक्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे त्यांचे ऐकत. पण वर्षअखेरचा अहवाल लिहायची वेळ आली की ते कोरा कागद समोर घेऊन घामाघूम होत.

"गोपाळराव, यार, तलवार द्या, हत्ती द्या. हे नको," असे ते म्हणत.

"आणि मला टेकडी नको," गोपाळराव म्हणत. त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू होता.

मग दोघांनी आपसात ठरवून टाकले. उदाजीराव दोन्ही पात्यांच्या वतीने टेकडी चढत, दिवे बघत, रांजणात हात घालून पाणी बघत आणि संध्याकाळी पाय पसरून सगळे सांगत. गोपाळराव ते दोन्ही पात्यांच्या वतीने लिहीत. आधी निळ्या शाईत एक अहवाल. मग उठायचे, अधू पाय ओढत फिरून पलीकडे बसायचे आणि काळ्या शाईत दुसरा. दुसऱ्याचा अहवाल आपल्या जागेवर बसून लिहिणे त्यांना प्रशस्त वाटत नसे.

मित्रांनो, मला तेव्हापासून एक कोडे पडले आहे. पाय एकाचे, बोट दुसऱ्याचे, तर लिहिणारा कोण? लाकडाला याचे उत्तर देता येत नाही. पण हात मी ओळखते. दोन्ही उतारांवर दाब एकाच हाताचा होता.

त्या अहवालांना एक वळण होते. बाकीची खाती पहिल्या ओळीपासून आपली थोरवी गात. हे दोन अहवाल राहिलेल्या कामापासून सुरू होत. 'यंदा वरच्या वळणावर दिवा लागू शकला नाही.' 'यंदा खालच्या पाणपोईचे रांजण उशिरा भरले गेले.' दोष कधी पाणक्याच्या माथी नसे. बैल म्हातारा झाला आहे, असे लिहिलेले असे. मग वरून नवा बैल येई. पुढच्या वर्षी वळणावर दिवा लागलेला असे आणि त्याचा अहवालात फुशारकीने उल्लेखही नसे. राहिलेले दुसरेच काही सापडलेले असे.

एकदा थोरल्या पातीच्या बड्या अधिकाऱ्यांनी गोपाळरावांना बोलावून चांगले फैलावर घेतले. परत येऊन ते माझ्यापुढे बसले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

"काय झालं?" उदाजीरावांनी विचारले.

"साहेब म्हणाले, धाकट्या पातीचा अहवाल बघा, किती सुरेख लिहितो तो मनुष्य! त्याच्याकडून शिका काही!"

उदाजीरावांनी माझ्यावर अशी थाप मारली की दोन्ही दौती उडाल्या. तो निळा-काळा डाग अजून माझ्या पट्टीवर आहे. पण गंमत ओसरल्यावर गोपाळरावांनी अहवाल उलटून खालची सही पाहिली. छापील अहवालावर सही दरबारच्या प्रमुखांची असे. 'तो मनुष्य' कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हते आणि ठाऊक होऊन चालणारही नव्हते. एका पातीचे अन्न खाऊन दुसरीची लेखणी चालवतो म्हणून दोघांच्याही नोकऱ्या गेल्या असत्या.

१९४८ साली संस्थाने विलीन झाली. मध्यभारत झाला, गावातली अदृश्य रेघ पुसली गेली. जुने सामान निकालात निघाले तेव्हा माझा एक उतार थोरलीच्या यादीत आणि दुसरा धाकटीच्या यादीत निघाला. अर्धे मेज यादीत कसे मांडायचे, असे होऊन नवे अधिकारी वैतागून म्हणाले, "आधी मेज कैसे लिखूँ? ले जाओ इसे कोई!" गोपाळरावांनी मला आपल्या धारच्या घरी नेले. बैलगाडीत चढवताना उदाजीराव म्हणाले, "माझा उतार सांभाळा, भिया." त्यानंतर फार दिवस ते जगले नाहीत.

माझ्या रिकाम्या उताराला मग दुर्गा येऊन बसली. तिने एम.ए. केले होते आणि आता तिला प्रबंध लिहायचा होता. एक कचेरी चांगली चालते आणि तशीच दुसरी चालत नाही, असे का होते? हा प्रश्न तिला सारखा छळत असे. नानाच म्हणाले, "देवास बघ. एक गाव, एकच पाऊस, तीच माणसं आणि कचेऱ्या दोन. असा ताळा पुन्हा मिळायचा नाही."

दुर्गाने दोन्ही पात्यांचे छापील अहवाल मिळवले. प्रत्येक खात्यात एक पाती पुढे होती, दुसरी मागे. टेकडीच्या खात्यात मात्र दोन्ही बाजू सारख्याच चोख. इंदूरचे तिचे मार्गदर्शक म्हणाले, "हे अहवाल लिहिले कुणी ते शोधा. लिहिणाऱ्याचं मन कळलं की कचेरीचं मर्म कळेल."

नाना रोज संध्याकाळी विचारत, "सापडला का तुझा लेखक?" एकदा त्यांनी फैलावर घेतल्याची ती गोष्टही तिला सांगितली, 'एक कारकून होता' अशी सुरुवात करून. गोष्ट संपल्यावर ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. दुर्गा ऐकीव गंमत समजून पोट धरून हसली आणि तिने विचारलेच नाही, कोण होता तो म्हणून.

तिने एक युक्ती केली होती. अहवालांची मथळ्याची पाने बाजूला काढली आणि उरलेली पाने पिसून माझ्यावर मांडली. थोरल्या पातीचे कोणते, धाकटीचे कोणते, तिला वेगळे करता येईना. सगळीच राहिलेल्या कामापासून सुरू होणारी. अशाच एका संध्याकाळी ती पानांत बुडालेली असताना नाना समोर येऊन बसले आणि सवयीने म्हणाले, "दुर्गे, आज काय राहिलं?"

तिची लेखणी माझ्या उतारावर जागच्या जागी थांबली. शाईचा एक थेंब पसरत गेला.

"काय गं?" नाना म्हणाले.

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी नाना तळ्याकडे फिरायला गेले तेव्हा तिने दोन पाने शेजारी ठेवून मोठ्याने वाचली. मग म्हणाली, "नाना! तुम्हीच की!" आणि माझ्या लाकडावर कपाळ टेकून बराच वेळ हसत राहिली. इतके आनंदी कपाळ मला पूर्वी लागलेले नव्हते.

पण संध्याकाळी ती बोलली नाही. पात्या गेल्या होत्या, पण जुनी माणसे होती आणि त्यांच्या जिभा शाबूत होत्या. सरळ माणूस म्हणून नानांचा गावात लौकिक. छापून आले तर लोक काय म्हणतील? आपल्याला कळले हे समजले तर नाना स्वतःच शरमतील, असेही तिला वाटले. प्रबंधात तिने लिहिले, 'लेखक अज्ञात.' लेखणी इतकी अलगद टेकली होती की ते शब्द मला जेमतेम कळले.

प्रबंध बांधून आला तेव्हा नानांनी चष्मा पुसून तो सगळा वाचला. त्या दोन शब्दांपाशी त्यांचे बोट थांबले.

"छान झालंय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "काही राहिलं नाही ना?"

"नाही, नाना."

मित्रांनो, तिला वाटत होते, आपण त्यांची लाज राखतो आहोत. आणि आयुष्यभर बिनसहीचे लिहिलेल्या त्या माणसाला एवढेच हवे होते की एका वाचकाने आपला हात ओळखावा. दोघांमध्ये माझ्या पट्टीएवढे अंतर होते. मला दोन्हीकडचे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते.

नाना गेल्यावर मी भिंतीला टेकवलेले राहिले. माझ्यावर गव्हाची पोती आली, मग लोणच्याची बरणी. परवा फत्तेसिंग म्हणून शाळेचे सामान करणारे गृहस्थ आले. त्यांनी मला टिचकी मारून पाहिले. "लाकूड नंबर एक आहे, बहनजी. बीचसे काट देतो. दोन डेस्क निघतील."

"कापायचं नाही," दुर्गा म्हणाली.

"अगं, मग या धुडाचं करायचं काय?" यमुनाबाई म्हणाल्या. "बसणारं माणूस एकच."

दुर्गाने बरणी उतरवली, पोती ओढली आणि ओल्या फडक्याने मला पुसले. फटीतून हरभऱ्याचे एक वाळलेले टरफल निघाले. ते तिने फेकले नाही.

जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मीही ते सांगितले असते. पण फडके मला उशिराही चालते. कुणाचा हात तुम्ही ओळखलात, तर ते तो हात समोरच्या उतारावर आहे तोवर बोलून टाका. एवढेच माझे मागणे.

दुर्गा आपल्या जागी मांडी घालून बसली. समोरचा उतार रिकामा होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि यमुनाबाईंना ऐकू जाईल याची तिने पर्वा केली नाही. तिने टरफल पट्टीवर, दोन भोकांच्या मध्ये ठेवले.

"नाना, राहिलं होतं," ती मोठ्याने म्हणाली. "दोन्ही अहवाल तुमचे. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मला इतका आनंद झाला होता. लेखक अज्ञात नव्हता, नाना. माझ्यासमोर बसला होता."