उद्या भूमिती हाये

"तारीख बदलता येत नाई काय वं तुह्या बाईले?" खुशालरावांनी विचारले.

"तारीख बाईच्या हातात नाई, बाबा. सगळीकडं एकाच दिशी पेपर हाये," जमुना म्हणाली.

मॅट्रिकचा गणिताचा पहिला पेपर नेमका थोरल्या कौशल्याच्या लग्नाच्या दिवशी आला होता. लग्न अकोल्याला, घरच्या फुलमळ्यात, पेपर अमरावतीला. मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र घेता येई. वर्गातल्या साऱ्या शहाण्या मुलींनी तेच घेतले होते, आणि तो पेपर लग्नानंतर होता. पण जमुनेला गणितच हवे होते. घरात ती धाकटी, बाजारात माळ्याची पोर. गणित मात्र कोणाची कोण हे विचारत नसे. सुटलेले उदाहरण तिचे एकटीचे असे. असे दुसरे काही तिच्याजवळ नव्हते.

"परीक्षा पुढच्या सालीबी येते," माय म्हणाली. "कौशीचा हार कोन ओवन मंग?"

या घरात नवरीचा हार पाठची बहीण ओवी, तोही त्याच पहाटे तोडलेल्या फुलांचा. आदल्या दिवशी ओवून मोकळे होण्याची सोय नव्हती. आणि पुढच्या सालापर्यंत आपलेही हात पिवळे होणार, हे जमुना जाणून होती.

"जाऊ द्या तिले," कौशल्या भाजी निवडता निवडता म्हणाली. त्यानंतर मात्र ती धाकटीशी कामापुरतेच बोलली. जमुनेला ते फार लागले.

लग्नाच्या दिवशी ती शाळेच्या बाईंबरोबर पहाटेच्या गाडीने गेली. पेपर सोपा निघाला. तिला त्याचाच राग आला.

परतली तेव्हा पाठवणीची बैलांची दमणी जुंपून तयार होती. गोदाबाई आत्याने वाटेतच गाठले. "आली का मास्तरीन! सोताचा हार सोता ओवनारी नवरी पायली आज. कोनाले हात लावू देल्ला नाई."

कौशल्याच्या गळ्यातल्या मोगऱ्यावर हळदीची बोटे उमटली होती. जमुना दमणीपाशी जाऊन उभी राहिली.

"सुटलं काय गणित?" कौशल्याने विचारले.

"सुटलं."

"सगळं?"

"सगळं."

"मंग रडून कावून राहिली?" कौशल्या सरकली आणि शेजारी जागा केली. "बस. पाठराखीन कोन येते मंग माह्यासंगं?"

जमुनेने दमणीच्या दांडीला हात लावला, आणि काढून घेतला.

"ताई, उद्या भूमिती हाये."

कौशल्याने मान वळवून हाक मारली, "आत्या, लुगडं घे तुहं. तूच चाल."