तोकोनचा काटा

मुरगाबच्या तळावरून पुढच्या छावण्यांना जे काही जायचं, सुईपासून इंजिनापर्यंत, ते तोकोनच्या काट्यावरून जायचं. सोळा वर्षं तो वजन कमी सांगत आला होता. साहेबांच्या मेंढ्या, कुणाच्या मेहुण्याचं सामान, सगळंच हेलिकॉप्टरात कोंबायचं तर दुसरं काय करणार? वैमानिकही दुधखुळे नव्हते. तोकोनने हजार सांगितलं की ते मुकाट्याने अकराशे धरायचे. सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि सगळ्यांची तोंडं बंद.

त्या दिवशी तोकोनची मुलगी बुरूल बाळंतपणात अडली. तळावर ना डॉक्टर, ना सुईण. रस्ता बर्फाने बंद. हेलिकॉप्टर मात्र छावणीत इंजिन उतरवून तसंच पुढे ओशला जाणार होतं, आणि ओशला मोठं इस्पितळ होतं. तोकोनने पिठाबटाट्याची सगळी पोती स्वतःच्या हाताने बाजूला काढली. उरलं फक्त इंजिनाचं खोकं.

"हजार किलो," तो वैमानिक गेनादीला म्हणाला. "आणि बुरूल, साठ."

"म्हणजे अकराशे साठ. खिंडीवरून अकराशेच्या वर नेता येत नाही, आके." गेनादी त्याला आके, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा.

"हजारच आहे. खरं सांगतोय."

"आजच बरं खरं?"

तोकोनने खिशातला नानचा तुकडा काढून कपाळाला लावला. "याची शपथ."

"ऑक्टोबरातही याचीच घेतली होतीत. चाकं खडकाला घासली माझी."

"मग परत काट्यावर चढवू."

"आत बांधलंय ते. काढूनघालून दीड तास जाईल. खिंडीवरचे ढग बघा."

"मग इंजिन राहू दे."

तळाचे साहेब मागेच उभे होते. "तिथे बारा दिवस काम अडलंय," ते म्हणाले. "मुलीला उद्या पाठवू."

यांच्याच मेंढ्यांसाठी तोकोनने जन्मभर खोटं सांगितलं होतं. साहेब घड्याळ बघत होते.

ट्रकच्या फळीवर रजईत पडलेली बुरूल सगळं ऐकत होती. "बाबा, घरी चला," ती म्हणाली. "थंडी वाजतेय."

दुपारी छावणीतून बिनतारी यंत्रावर गेनादीचा आवाज आला. "आके, अलगद उठलं हो हेलिकॉप्टर. खरंच हजार होतं. ओशला जाण्याआधी मी तिला न्यायला मागे फिरतो."

शेजारच्या खोलीत बायका बुरूलला आणि तिच्या न रडलेल्या बाळाला अंघोळ घालत होत्या.

"नको येऊस," तोकोन म्हणाला. "गेली ती."

तोकोनला गेनादीचा राग आला नाही. त्याच्या जागी तोकोन असता, तर त्यानेही तोकोनवर विश्वास ठेवला नसता.